केदारी सरांच्या चहाची फी

भाजे गावात केदारी सरांच्या घरी फुकट चहा मिळत नसे. कामशेतच्या शाळेत मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि त्याच महिन्यात मला हे कळलं. सर तिथे चित्रकला शिकवायचे. "या एकदा घरी, मळवली स्टेशनवर उतरलात की आलंच," असा त्यांनी आग्रह केला म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी कानटोपी, मफलर आणि स्वेटरच्या आत दोन बनियन असा सगळा सरंजाम करून मी गेलो. पडवीत चप्पल काढली. आतून आल्याच्या चहाचा वास आला. हात चोळत मी खुर्चीत बसतो न बसतो तोच सर समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हं. येताना काय बघितलंत?"

"विशेष काही नाही. थंडी फार आहे हो तुमच्याकडे."

"थंडी दिसली का?"

"नाही, वाजली."

"मग दिसलं काय ते सांगा."

मी मुळात खाली बघून चालणारा माणूस. रस्त्यात खड्डा आहे का एवढंच मी बघतो, आणि पुष्कळदा तेही बघायचं राहून जातं. मी आपलं सांगून टाकलं की डोंगर बघितले, सूर्य उगवत होता, पक्षी उडत होते. सरांनी आत तोंड करून हाक मारली, "अगं, चहा राहू दे जरा. हे कॅलेंडर बघून आलेत."

आणि मला खरोखर रस्त्यावर परत पाठवलं! नवीन नोकरी, ज्येष्ठ सहकारी, त्यामुळे मी गेलो. मनातल्या मनात सरांना काय काय म्हणत वळणापर्यंत पोचलो. तिथे एका खळ्याच्या कडेला भाताच्या पेंढ्याची गंजी रचलेली होती. गंजीच्या ज्या बाजूला ऊन पडलं होतं तिथून वाफ निघत होती आणि सावलीच्या बाजूला दव तसंच पांढरं होतं. वर एक कोंबडी बसली होती आणि उन्हाची रेघ जसजशी सरकेल तसतशी तीही सरकत होती. परत येऊन मी हे तुसडेपणानेच सांगितलं. सरांनी माझं मनगट धरलं आणि "चला, दाखवा" म्हणून मला पुन्हा तिथे नेलं. कोंबडी पूर्ण उन्हात येईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. घरी आलो तर सरांच्या पत्नी, हौसाकाकू, पडवीत कमरेवर हात ठेवून उभ्या. "चहा दोनदा गरम केला," त्या म्हणाल्या. "आता तिसऱ्यांदा गरम करायचा तर फी मला द्यायची. कप इसळून ठिवायचं."

सर अंगाने उंच आणि किडकिडीत. अंगात मरून रंगाचा स्वेटर, आणि त्याच्या कोपराला काकूंनी लावलेलं हिरव्या लोकरीचं ठिगळ. हिरवं का, तर मरून लोकर संपली होती. सरांनी तो स्वेटर आठवडाभर वर्गावर्गात फिरवला आणि मरूनशेजारी हिरवा आणून बसवला की दोन्ही रंग कसे भांडायला उठतात ते मुलांना दाखवलं. काकूंना वाटलं, आपल्या शिवणकामाची गावभर शोभा चालली आहे. त्या दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. सरांच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्या दोन दिवसांत शिवारातल्या कुठल्याशा बांधावर दवाने भरलेली कोळ्याची जाळी लागली होती.

काही दिसलं की ते आधी शेजारच्याचं मनगट धरायचे. "बघा की!" म्हणायचे. मग शेजारी कोणीही असो. एका सव्वीस जानेवारीला त्यांनी हेडमास्तरांचं मनगट धरलं, तेही सलामीसाठी कपाळाशी नेलेलं. मुलं राष्ट्रगीत म्हणत होती, सकाळचा गारठा होता, आणि सगळ्यांच्या तोंडून वाफ एकाच ठेक्यात बाहेर पडत होती. गीत संपेपर्यंत दोघांना हलता येईना. सरांनी मनगट सोडलं नाही आणि हेडमास्तरांनी सलामी सोडली नाही. पुढे गावात सर समोरून येताना दिसले की शहाणी माणसं दोन्ही हात खिशात घालत.

फीचे नियम कडक होते. बघितलेलं आजचं हवं. आपण स्वतः बघितलेलं हवं. आणि कॅलेंडरावर असतं ते चालणार नाही. हिवाळ्यात फी जास्त, कारण हिवाळ्यात माल चांगला येतो, असं सरांचं म्हणणं. पावसाळ्यात ते सगळ्यांना माफी द्यायचे. पावसाळ्यात लोणावळ्यापासून आमच्या भाज्याच्या धबधब्यापर्यंत माणसांची रीघ लागते, सगळे भिजतात, ओरडतात, कणीस खातात आणि जातात. सर त्या दिवसांत घराबाहेर फारसे पडत नसत. "पावसात आंधळ्यालाही दिसतं हो," ते म्हणायचे, "तो अंगावरच येतो. हिवाळा काही अंगावर येत नाही. त्याच्याकडे आपण जायला लागतं."

गावाने या फीचा धसका घेतला होता तसा तिच्यातून मार्गही काढला होता. वीजमीटर बघायला येणारा माणूस स्टेशनवरच्या टपरीवाल्याला विचारून एखादी गोष्ट घेऊन यायचा. विमा एजंटाने एकदा सरळ फोनमधला फोटो दाखवला, त्याला नुसतं गरम पाणी मिळालं. नामदेव दूधवाल्याचा तर रोजचा प्रश्न होता. त्याला रोज चहा हवा असे आणि रोज नवीन काही बघण्याइतका त्याला वेळ नसे. त्याने एक कोळ्याचं जाळं धरलं आणि ते आठवडाभर चालवलं. सोमवारी जाळ्यात दव, मंगळवारी जाळ्यात माशी, बुधवारी जाळं अर्धं फाटलेलं. शनिवारी सरांनी विचारलं, "नामदेव, कोळी जिवंत हाय ना रं?"

"हाय की, मास्तर. पर आता म्हातारा झालाय."

सर इतके हसले की नामदेवला त्या दिवशी दोन कप मिळाले.

शाळेत त्यांचा एकच हट्ट होता. आपल्याकडे मुलाच्या हातात रंगपेटी दिली की ते दोन टोकदार डोंगर काढतं, मध्ये सूर्य, खाली नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड. कामशेतच्या मुलांनीही तेच काढलं. सर पाठीमागे उभे राहून म्हणाले, "हा डोंगर कुठला?" मुलं म्हणाली, "चित्रातला." सरांनी सगळा वर्ग मैदानात काढला आणि लोहगड, विसापूर समोर धरले. "बघा की! आपले डोंगर असे टोकदार आहेत का? वरून सुरीने कापल्यासारखे सपाट आहेत. आणि नारळ कुठाय? दाखवा मला." त्या वर्षी एका मंडळाची चित्रकला स्पर्धा होती. आमच्या शाळेची चाळीसेक चित्रं गेली, सगळ्यांत सपाट डोंगर. एकालाही बक्षीस नाही. परीक्षक कुठल्या तरी दूरच्या गावचे होते. त्यांनी शेरा दिला होता, "मुलांची रंगसंगती चांगली, परंतु डोंगर अपूर्ण सोडलेले आहेत."

हेडमास्तर तणतणत स्टाफरूममध्ये आले. सरांनी शेरा वाचला आणि त्यांना इतका आनंद झाला की माझंच मनगट धरलं. पुढे कितीतरी वर्षं आम्ही कामशेतच्या रस्त्याने निघालो की ते विसापूरकडे बोट दाखवायचे. "अजून अपूर्णच आहे हो," म्हणायचे. "कोणी मनावरच घेत नाही."

हे सगळं ऐकायला गंमतीचं आहे. संसार करायला नव्हे. हौसाकाकू पवना भागातल्या शेतकरी घरातल्या; भात लावणं, झोडणं, जनावरं, घर, सगळं त्यांच्या अंगावर. सर सकाळी दूध आणायला म्हणून जायचे आणि दुधाचं नाव विसरून एखादं पान घेऊन यायचे. ते पान काकूंपुढे धरायचे. काकू म्हणायच्या, "मला बगायला येळ कुटाय? तुमी बगा, मी करते." या एका वाक्यावर त्यांचा संसार चालला होता. फीमधून गावात फक्त काकूंनाच सूट होती. त्यांना सरांनी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

मुलीचं, सुरेखाचं, लग्न डिसेंबरातच झालं. घरामागच्या शेतात मांडव. कन्यादानाला बसायची वेळ झाली आणि सर गायब. भटजी घड्याळाकडे बघताहेत, व्याही भटजींकडे. शेवटी काकूच उठल्या. नवा हिरवा शालू, अंगभर दागिने, कपाळावर घाम, अशा त्या मांडवामागे चुलवणाशी गेल्या. मी मागोमाग. सर तिथे आचाऱ्याचं मनगट धरून उभे. ताडपत्रीला कुठेतरी भोकं पडली होती, त्यातून उन्हाचे कवडसे खाली आले होते, आणि इंद्रायणी भाताच्या हंड्यातून निघणारी वाफ त्या कवडशांवरून वर चढत होती. आचारी काकुळतीला आला होता. खालून भात लागत होता.

काकूंना बघून सरांचा चेहरा उजळला. "हौसा, थांब, हलू नकोस! तुझ्या पदरावर ऊन पडलंय बघ, केवढं गोल!"

काकू हलल्या नाहीत. पण त्या जे बोलल्या ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "माझ्या नवऱ्याला भाताची वाफ दिसती. पदरावरचं ऊन दिसतं. लेकीचं लगीन न्हाई दिसत. आन मी तर न्हाईच न्हाई." मांडव हसला. व्याहीसुद्धा हसले. सर धोतर सावरत धावले. काकू मात्र हसल्या नव्हत्या, आणि मला तेव्हा फार वाईट वाटलं.

पुढे संस्थेने मला जुन्नरकडच्या शाळेत पाठवलं. सर निवृत्त झाले. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. 'हॅलो' नाही, 'कसे आहात' नाही, एकदम "काय बघितलंत?" मी खिडकीतून दिसेल ते सांगून सुटका करून घ्यायचो. मग एका हिवाळ्यात फोनवरचा आवाजच बदलला. लहान मुलाला पतंग सापडावा तसा.

"अहो, इकडे दिव्यांना खळं पडायला लागलंय!"

चंद्राला पडतं तसं खळं, ते सांगत होते, पण रंगीत. आत निळसर, बाहेर तांबडं. संध्याकाळी मळवली स्टेशनचे दिवे लागले, अंधारून आलं, शेतावर धूर आणि धुकं उतरलं, की एकेका दिव्याभोवती ते उमटतं. आयुष्यभर इथे राहून आपण ते बघितलं नव्हतं याचं त्यांना नवल वाटत होतं. "आता संध्याकाळी मी पडवीतच बसतो," ते म्हणाले. "सगळं गाव बघायला येतं." तो हिवाळा गेला, पुढचा आला, आणि खळं आता आधीपेक्षा मोठं दिसतं असं त्यांनी कळवलं.

त्या जानेवारीत मी भाज्याला गेलो. संध्याकाळची वेळ होती. पडवीत नामदेव होता, शाळेतले विज्ञानाचे ढमाले सर होते, आणखी चारपाच जण घोंगडी-मफलर गुंडाळून बसले होते. सर मला बघून उठले ते तुळशीवृंदावनाला धडकले. चहा ओतायला घेतला तो डाव्या बाजूच्या कपाच्या शेजारी ओतला. "यांचं लक्ष सगळं त्या दिव्यांवर," ढमाले सर कौतुकाने म्हणाले. तेवढ्यात स्टेशनचे दिवे लागले. सरांनी माझं मनगट धरलं. "बघा की!"

मी बघितलं. दिवे होते. चांगले, स्वच्छ, रेल्वेचे दिवे. बाकी काही नव्हतं. मी डोळे चोळले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"काय बहार हाय!" नामदेव म्हणाला.

"आज तांबडं जरा जास्त वाटतं," दुसरा म्हणाला.

ढमाले सरांनी तर शास्त्र सांगितलं. द्रुतगती मार्गावरची धूळ, इंद्रायणीच्या खोऱ्यातली आर्द्रता, प्रकाशाचं वक्रीभवन. पडवीच्या भिंतीवर त्यांनी खडूने काढलेली आकृतीसुद्धा होती. मी तोंड उघडणार तोच त्यांनी मला चिमटा काढला आणि कानाशी म्हणाले, "हो म्हणा की. चहा निवतोय."

त्याच वेळी हौसाकाकू सरांची शाल घेऊन बाहेर आल्या. डोकं दुखायला लागलं की सरांना शाल लागे, आणि हल्ली संध्याकाळी त्यांचं डोकं नेहमीच दुखे. दोन हिवाळे ही बैठक चालली होती, पण काकू त्या वेळी आत भाकरी थापत असायच्या. त्यांनी दिव्यांकडे बघितलं.

"कुटाय खळं?"

"ते काय, प्रत्येक दिव्याला," सर म्हणाले.

"मला न्हाई दिसत काय."

"तुला कधी काय दिसलंय, हौसा?"

सर सहज बोलून गेले.  काकूंनी शाल सरांच्या मांडीवर ठेवली आणि पदर खोचला.

"नामदेव, तुला दिसतंय?"

"म्हंजी... तसं बगाय गेलं तर..."

"तुज्या म्हशीची आन घे आन सांग."

नामदेव दिव्यांकडे बघू लागला, मग पायांकडे. "न्हाई, काकू," तो म्हणाला. "मला वाटलं, या सगळ्यास्नी दिसतंय."

काकू पुढच्या माणसाकडे वळल्या. त्याला वाटलं होतं नामदेवला दिसतं. त्याच्या पुढच्याला वाटलं होतं मास्तरांना दिसतंय म्हणजे असणारच. शेवटी पाळी ढमाले सरांची आली. त्यांनी भिंतीवरच्या आकृतीकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "मला चाळिशी लागली आहे, त्यामुळे माझं मत धरू नये." अशा रीतीने दोन हिवाळे सगळं गाव चहाच्या एका कपासाठी नसलेलं खळं बघत बसलं होतं!

सर एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. आमच्यापैकी कोणालाही हसू आलं नाही. काकू म्हणाल्या, "दिव्याला काय न्हाई झालेलं. तुमच्या डोळ्याला झालंय. सकाळी डाक्टरकडं जायचं," आणि आत जाऊन त्यांनी चूल विझवली. त्या संध्याकाळी चहा कोणी प्यायला नाही.

पुण्याला मी त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टर तरुण होती. तिने विचारलं, "काका, दिव्यांभोवती कधी रंगीत गोल दिसतात का?" आणि सर, इतकं सगळं होऊनसुद्धा, खुर्चीत पुढे सरकले. "दिसतात की! आत निळसर, बाहेर तांबडं, आणि मध्ये एक पातळ पिवळी रेघ असते, ती नीट बघितल्याशिवाय..." डॉक्टरने त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "हा काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं कडेचं दिसणं बरंचसं गेलं आहे, ते परत येणार नाही. उजवा वाचेल. आणखी एक हिवाळा थांबला असता तर मी असं म्हणू शकले नसते." काकूंनी सरांचा हात घट्ट धरला. मला एकदम भीती वाटली, झालेल्या गोष्टीची नाही, होऊ शकली असती त्या गोष्टीची.

लेझर झालं, थेंब सुरू झाले. आठवड्याने आम्ही तपासणीहून परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सर मळवलीच्या फलाटावर थांबले आणि वर बघत राहिले.

"गेलं," ते म्हणाले.

"काय गेलं?" काकूंनी विचारलं.

"खळं."

"डोळा ऱ्हायला ना? मंग झालं." आणि काकू पिशवी उचलून पुढे निघाल्या.

मला वाटलं, इथे गोष्ट संपली. पण खरा घाव निराळाच होता. सरांनी फी बंद केली. पडवीत येईल त्याला मुकाट्याने चहा मिळू लागला. "काय बघितलंत" नाही, "कॅलेंडर" नाही, काही नाही. सकाळचं फिरणंही थांबलं. सर भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी फोन केला तर म्हणाले, "बरं आहे. तुमचं बरं आहे ना?" सरांनी माझी तब्येत विचारली! मी हादरलो.

एकदाच ते बोलले. "डोळ्याचं काही नाही हो. मला वाटायचं, आपण सगळे बघतोय. मी एकटाच बघत होतो. मग मागचं सगळंही तसलंच का? कोळी, दव, ती तुमची कोंबडी?"

"कोंबडी खरी होती, सर," मी कळवळून म्हणालो. "आपण दोघांनी बघितली."

"हो," ते म्हणाले. पण त्यांना पटलं नव्हतं.

गावात फुकट चहाचं कौतुक तीन-चार दिवस टिकलं. मग लोकांना तो गोड लागेना. नामदेव दूध घालून उगाच रेंगाळायचा. "मास्तर, इचारा की काय बगितलं." सर मान हलवायचे. नामदेव तरी सांगायचा. आता तो खरंच बघून यायचा, गाडी थांबवून, बांधावर उतरून. "आज रानात करडईला दव पडलतं, काट्याच्या टोकाटोकाला येकेक थेंब. खोटं असंल तर दूध नासंल माझं." सर म्हणायचे, "बरं, घे चहा." नामदेव मला फोनवर म्हणाला, "सर, आता खरं सांगतोय तर मास्तर ऐकत न्हाईत. खोटं सांगत हुतो तवाच बरं हुतं."

हा निरोप मी आठवणीत ठेवला. उन्हाळा, पावसाळा माझ्या व्यापात गेला, आणि डिसेंबरात एक रविवार मोकळा मिळाला तसा मी निघालो. मळवलीला उतरलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की फलाटाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. विसापूर त्या दिवशी अपूर्ण नव्हता, मुळातच नव्हता. मी नेहमीसारखा खाली बघत चाललो होतो. पेंढ्याच्या गंजीपाशी आलो तर पुढे दोन माणसं चाललेली दिसली. एक उंच, मरून स्वेटरातलं, कोपराला हिरवं ठिगळ. त्याच्या डाव्या हाताला एक बुटकं, डोक्यावरून शाल घेतलेलं. मी हाक मारणार होतो, पण काकूंचा आवाज ऐकू आला म्हणून थांबलो. काकूंनी सरांचं मनगट धरलं होतं.

"डाव्या अंगाला म्हस हाय," त्या सांगत होत्या. भाजीबाजारात दर सांगावा तशा कोरड्या आवाजात.

"कशी आहे?"

"कशी म्हंजी? म्हशीसारकी."

"हौसा, ते कॅलेंडरावर असतं."

"कॅलेंडरावर म्हशी नसत्यात. गाई असत्यात."

  दोघं चार पावलं पुढे गेली.

"अर्धीच हाय," काकू म्हणाल्या. "फुडची. मागचं समदं धुक्यात गेलंय."

"आणि?"

"पाठीवर बगळा बसलाय. त्येचा एक पाय वर हाय."

"आणि?" सरांच्या आवाजात जुनं काहीतरी हललं. "आणि काय, हौसा?"

काकू थांबल्या. पाठीमागून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती शाल दिसत होती, आणि ती अजिबात हलत नव्हती. घरी भाकरीचं पीठ, जनावरांची वैरण, थेंबांची वेळ, सगळं वाट बघत असणार. काकू उभ्याच होत्या.

"आवं, जरा दम धरा की," त्या म्हणाल्या. "मला बगू द्या."

 डावीकडचं बघायचं तर सरांना आता पूर्ण मान वळवावी लागते. ती त्यांनी सावकाश वळवली, पण म्हशीपर्यंत नेली नाही. काकूंच्या तोंडापर्यंत आणली आणि तिथेच ठेवली. काकू म्हशीकडे बघत होत्या आणि सर काकूंकडे बघत होते, बराच वेळ, आणि या वेळी त्यांनी कोणालाही "बघा की" म्हटलं नाही.

मी गंजीच्या आडोशाला उभा राहिलो. फी पुन्हा सुरू झाली आहे की नाही मला ठाऊक नव्हतं. पण माझ्याकडे ती तयार होती, आजची, स्वतः बघितलेली आणि कुठल्याही कॅलेंडरावर नसलेली. फक्त काकूंच्या समोर ती सांगायची कशी, एवढंच मला घरापर्यंतच्या वाटेत ठरवायचं होतं.